मास्तरांचा प्रायव्हेट नंबर

मास्तरांना फोन केला की पहिलं वाक्य आपलं असायचं आणि दुसरंही आपलंच. कारण आपण जे बोललो तेच ते आपल्याला पुन्हा ऐकवायचे. "मॅडम बोलून राह्यल्या. आज शाळा लवकर सुटली. ठेसनावर लवकर येता. बरोबर?" आपण "बरोबर" म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. सुरुवातीला मला या प्रकाराचा फार राग यायचा. दिवसभर चौथीच्या पोरांकडून पाढे वदवून घ्यायचे, आणि संध्याकाळी साठी उलटलेल्या या गृहस्थांनी माझ्याकडून माझंच वाक्य वदवून घ्यायचं! पण रेल्वेत हयात गेलेल्या माणसाचा कान असाच असतो, हे हळूहळू कळलं. ऐकलेलं परत म्हणून दाखवलं नाही तर ते ऐकलंच नाही, असं ते मानायचे.

देवराव मास्तर म्हणजे जऊळका स्टेशनचे निवृत्त स्टेशनमास्तर. नोकरीची शेवटची वर्षं इथे गेली आणि निवृत्तीनंतर घरही त्यांनी इथेच, रुळांपासून हाकेच्या अंतरावर बांधलं. मी तेव्हा जऊळक्याच्या शाळेत शिकवत होते आणि वाशीमहून ये-जा करत होते. सकाळी बस मिळायची, संध्याकाळी पॅसेंजर. आता ही पॅसेंजर म्हणजे स्वतःच्या मर्जीची मालकीण. ती येईपर्यंत फलाटाच्या टोकाला, निंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसायचं, समोरच्या तुरीच्या पिवळ्या फुलांवरून ऊन सरकत जाताना बघायचं आणि डोळे अर्धवट मिटून घ्यायचे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मास्तर असायचे. पांढरा सदरा, गळ्यात मफलर, मांडीवर उपडा ठेवलेला मोबाईल.

गाडी आली की ते उठून उभे राहायचे. पॅसेंजर असो, न थांबणारी एक्स्प्रेस असो की रिकामी मालगाडी असो, फलाटाच्या कडेला ताठ उभं राहून शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत बघत राहायचे. ताप असताना एकदा शाल पांघरून बसले होते, तरी मालगाडीला उठले. मी म्हटलं, "मास्तर, आता तुमची ड्यूटी नाही." तर म्हणाले, "गाडीले थोडी मालूम हाय, मी रिटायर झालो म्हून?"

त्या वेळी स्टेशन निम्मं झोपेत असायचं. दूरवर कुणाच्या तरी शेतात मोटर चालू असायची, आणि तिच्या आवाजात मिसळून मास्तरांचा आवाज यायचा. "छोटी लाईन होती ना मॅडम, तवा..." एवढ्या तीन-चार शब्दांवर समोरचे मोठे रूळ विरघळायचे आणि त्या जागी मीटरगेजची कोळशाची गाडी उभी राहायची. मी ती कधी पाहिली नाही. पण आज कुणी विचारलं तर शपथेवर सांगेन की मी तिच्यातून प्रवास केला आहे.

त्या गाडीतली त्यांची आवडती वस्तू म्हणजे गोळा. एकेरी लाईन, समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक स्टेशनात एक लोखंडी यंत्र असायचं आणि त्यात हे धातूचे गोळे. पुढच्या स्टेशनातल्या मास्तरने तिकडून होकाराची कळ फिरवली तरच इकडचा एक गोळा बाहेर पडायचा. तो चामडी पिशवीत घालून, कड्याला लावून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो गोळा पुढच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा कुठूनही निघत नसे. "लाट साहेब जरी आला अन् म्हनला का सोड गाडी," मास्तर सांगायचे, "गोळा हातात नाही तं गाडी नाही."

या छोट्या लाईनच्या जोरावर मास्तरांनी जऊळक्याला क्रिप्टो शिकवलं.

हे मोबाईलवरच्या नाण्यांचं खूळ आमच्याकडे आलं ते रिसोडच्या बाजारातून, सोयाबीनच्या पोत्यांबरोबर आल्यासारखं. कुणाच्या तरी पुतण्याला फायदा झाला, कुणाच्या मेहुण्याने मोबाईलवर चढता आलेख दाखवला, आणि बघता बघता फलाटावर ऊसतोडीला निघालेली माणसंही "बिटकॉईन म्हंजे काय?" विचारायला लागली. मास्तरांचा मुलगा प्रशांत पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता आणि असली नाणी हौसेने थोडी थोडी घेत असे, हे गावाला माहीत होतं. म्हणून सगळे प्रश्न या बाकापाशी येऊन थांबायचे.

फलाटावर चहा विकणाऱ्या शेवंताबाईने एकदा किटली खाली ठेवून विचारलं, "मास्तर, हे नानं दिसते कसं?"

"दिसत नाही."

"मंग हाय कशावरून?"

"वाशीमहून गाडी सुटली हे तुले दिसते का? तरी तू चहा ठेवतं ना?" मास्तर म्हणाले. "वाशीमच्या मास्तरनं वहीत लिवलं, म्या लिवलं, पुढच्यानं लिवलं. एकानं खोडलं तं बाकीचे पकडतात. हे नानं तसंच हाय. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरमंदी एकच नोंद. कोन्या एकाची वही नाही ते, म्हून कोन्या एकाले खोटी करता येत नाही."

"मंग लोकं लुटल्या काहून जातात?" बाजूला बसलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं.

"वही नाही लुटत कोनी. किल्ली लुटतात. नानं वहीतच राह्यते बावा, आपल्यापाशी राह्यते फक्त किल्ली. बारा इंग्रजी शब्द. ते शब्द ज्याच्यापाशी, नानं त्याचं. बँकेत पासवर्ड भुलला तं मॅनेजर हाय. इथी मॅनेजर नाही. म्हून ते बारा शब्द कोनाले सांगायचे नाही, फोटो काढून मोबाईलमंदी ठेवायचे नाही. जो मांगते तो चोर, मंग तो कंपनीचा साहेब म्हनो का जावई म्हनो."

जावई म्हटल्यावर सगळे हसले, पण जरा चपापूनच. आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची रीत नाही.

"अन् चुकून दुसऱ्याले गेलं तं?"

"गाडी सुटली. मंग हात दाखवून थांबत नाही."

"सरकारचं हाय का पन?"

"सरकार कर घेते, हमी घेत नाही."

"दुप्पट होते म्हनतात."

"होते. अर्धंबी होते. दुप्पट होईनच, असं जो छातीवर हात ठेवून सांगन, त्याच्यापासून आपला खिसा दूर ठेवा."

मला त्या बाकावरचं निम्मं समजायचं आणि निम्मं निंबाच्या पानांत अडकून राहायचं. वर्गात मला प्रश्नांचा कंटाळा आलेला असायचा, इथे मात्र ते ऐकत बसावंसं वाटे. गंमत म्हणजे मास्तरांनी कुणालाच कधी घे किंवा घेऊ नको सांगितलं नाही. "बुडाले तरी रातच्याले झोप लागन, एवढेच लावा," यापुढे ते जात नसत.

त्यांच्या साडूंची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. रिसोडला एका मंगल कार्यालयात कुठल्या तरी नव्या नाण्याची सभा होती. साडूंनी मास्तरांना अगत्याने बोलावलं. पुरी, बुंदी, झणझणीत वांग्याची भाजी असा थाट होता, आणि पडद्यावर महिन्याला किती वाढणार त्याची चित्रं. आमच्याकडची मेख अशी की माणूस कंपनीवर विश्वास ठेवत नाही, सोयऱ्यावर ठेवतो. सोयऱ्याने शब्द टाकला की पुरावा मागायचा नाही, मागितला तर त्याचा अपमान. त्यात त्याच्या पंगतीला जेवल्यावर तर तोंडच बंद होतं. टोपी घालणाऱ्यांनी ही रीत नेमकी हेरलेली होती. प्रत्येक खुर्चीवर कुणाचा तरी सोयरा होता.

मास्तर पोटभर जेवले. भाजी दोनदा मागून घेतली. मग हात धुऊन पडद्याशी उभ्या असलेल्या टायवाल्या साहेबाला म्हणाले, "या लोकायनं आज लावलेले पैसे आज वापस काढून दाखवा. मंग मी लावतो." साहेब म्हणाला, पैसे वर्षभर अडकतात, नियम आहे. "म्हंजे जायची गाडी हाय, यायची नाही," असं म्हणून मास्तर एसटी पकडून घरी आले. साडूंचं सोयरपण पुढे बरेच महिने रुसलं. एक दिवस त्या नाण्याचं अॅप उघडेनासं झालं, साहेबाचा फोन लागेना, आणि मग साडू हरभऱ्याचा ढाळा घेऊन आपणहून आले. मास्तरांनी विषयही काढला नाही. नंतर मला एवढंच म्हणाले, "जेवन सोयऱ्याचं, पैसे आपले. एवढं ध्यानात ठेवलं का झालं."

प्रायव्हेट नंबर ही मास्तरांची दुसरी देणगी. रेल्वेत गेटवाल्याने फोनवर "गेट बंद केलं" म्हटलेलं चालत नाही. त्याच्याकडच्या गुप्त कागदावरचा एक आकडा त्याला सांगावा लागतो. आवाज ओळखीचा असला तरी आकड्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही. मास्तरांनी ही पद्धत गावाच्या गळी उतरवली. घरातल्यांनी आपसात एक आकडा ठरवायचा, आणि फोनवर कुणी पैसे मागितले, रडलं, धमकावलं, तर आधी आकडा विचारायचा. "आता तं मशीन आवाजाचीबी नक्कल करते," ते म्हणायचे, "पोराचा आवाज आयकला का मायचं काळीज पाघळते. काळजाले काही इचारू नका, आकडा इचारा."

शेवंताबाईला हे पहिल्यांदा उपयोगी पडलं. तिचा मुलगा सुरतेला कामाला. एक दिवस फोन आला की त्याला पोलिसांनी पकडलंय, लगेच पैसे पाठव, आणि मागे खरंच कुणीतरी "माय, माय" करून रडत होतं. तरी तिने आकडा विचारला. तिकडून शिवी आली आणि फोन बंद झाला. मग मुलाला लावला, तर तो डबा खात बसलेला. त्या संध्याकाळी पॅसेंजरच्या सगळ्या उतारूंना तिने फुकट चहा पाजला, मास्तरांना बळजबरीने दोन कप.

मास्तरांच्या पत्नीला, कमलकाकूंना, या आकड्याचं मोठं हसू. "अंतरपाट दूर झाला तवाबी यायनं माह्यापाशी नंबरच मांगतला असता," त्या म्हणायच्या. प्रशांत पुण्याहून फोन करायचा तेव्हा मास्तर खर्जातल्या आवाजात विचारत, "प्रायव्हेट नंबर?" आणि तो लहानपणी स्वतःच निवडलेला आकडा सांगे. खरं तर रेल्वेच्या नियमाने एकदा वापरलेला आकडा खोडून टाकायचा असतो. पोरासाठी मास्तरांनी नियम वाकवला होता. इतकी वर्षं तोच आकडा चालला.

प्रशांतच्या फोनचं हे मी काकूंकडून ऐकलेलं लिहिते आहे, कारण प्रशांत गेला होता. पुण्यात सकाळी कामावर जाताना दुचाकी घसरली. मी बाकावर यायला लागले त्याच्या आधीची ही गोष्ट, आणि मला ती बऱ्याच उशिरा कळली. मांडीवरच्या त्या उपड्या मोबाईलचा अर्थही तेव्हाच लागला. प्रशांतने एकदा गंमत म्हणून बापाला आपल्या नाण्यांचा पत्ता पाठवला होता. पत्ता माहीत असला की आत किती आहे ते जगात कुणालाही दिसतं, उघडता मात्र येत नाही. बारा शब्द प्रशांतच्या डोक्यात होते आणि डोक्याबरोबर गेले. मास्तर रोज संध्याकाळी तो पत्ता उघडून बघायचे. सगळं होतं तिथेच असायचं.

"छोट्या लाईनवर एकदा गोळा हरपला होता," त्यांनी मला सांगितलं. "ड्रायव्हरच्या हातचा सुटला, जवारीत पडला. दोन्हीकडच्या मशीना बंद, गाड्या उभ्या. तवा अकोल्याहून माणूस यायचा, किल्ली घेऊन मशीन खोलाले." त्यांनी मोबाईल पुन्हा मांडीवर उपडा ठेवला. "इथी कोनी येत नाही."

पुढे एकदा घरी गेले तेव्हा काकूंनी मला जे सांगितलं, ते मास्तरांनी गाळलेलं होतं. माणूस यायच्या आधीच गोळा सापडला होता. ज्वारीत शिरून तो शोधून आणला होता छोट्या प्रशांतने. चिखलाने माखलेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. "हरपलेलं सापडते, मॅडम," काकू म्हणाल्या. मोबाईलवरचा तो पत्ता मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. मास्तर दाखवायला गेले की त्या तोंड फिरवायच्या.

आणि मग ते फोन सुरू झाले.

फोन करणारा गोड हिंदीत बोलायचा. आपण हरवलेली क्रिप्टो परत मिळवून देतो म्हणायचा. त्यासाठी आधी फी भरायची. मास्तरांना पहिल्याच वाक्यात कळलं होतं की हा लबाड आहे. त्यांनीच मागे इंटरनेटवरच्या कुठल्याशा गटात प्रशांतचं नाव घालून मदत मागितली होती, तिथून त्याला सगळं कळलं होतं. तरी रोज पॅसेंजरच्या सुमाराला फोन यायचा आणि मास्तर तो घ्यायचे. मला राहवलं नाही. "मास्तर, साऱ्या गावाला शिकवता, आणि स्वतः?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तो त्याचं नाव घेते, मॅडम," मास्तर म्हणाले. "गावात आता कोनी घेत नाही. मले वाईट वाटन म्हून."

मला त्या क्षणी मास्तरांची इतकी माया आली की मी उगाच डब्याची पिशवी आवरत बसले.

पण एक दिवस फोन सकाळीच आला. मास्तर अंघोळीला गेलेले. काकूंनी तो उचलला, आणि त्या माणसाने त्यांना सांगितलं की प्रशांतच्या नाण्यांचं वॉलेट सापडलंय आणि आत आईसाठी एक संदेश आहे. झालं. काकूंनी खाणं सोडलं. घरची सगळी ठेव मोडून फी भरायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. ती ठेव म्हणजे दोघांचं म्हातारपण होतं.

"नाही म्हणा की सरळ," मी मास्तरांना म्हटलं.

"म्या नाही म्हनलं तं तिच्यासाठी पोरगं दुसऱ्यांदा जाईन," ते म्हणाले. "अन् या टायमाले माह्या हातानं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू फलाटावर आल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत ठेवीचे कागद. माझ्याबरोबर पॅसेंजरने वाशीमला यायचं, बहिणीकडे मुक्काम करायचा आणि सकाळी बँकेत जायचं, असा त्यांचा बेत. बाकावर त्या आमच्या दोघांच्या मधे बसल्या. तुरीवरचं ऊन गेलं होतं आणि शेतावर धुरकट निळं काहीतरी उतरत होतं. मला वाटत होतं, पॅसेंजरने आज येऊच नये.

फोन वाजला. मास्तरांनी आवाज मोठा केला आणि मोबाईल काकूंच्या हातात दिला. "तूच बोल," ते म्हणाले.

"माताजी, प्रणाम. सब तैयार है. प्रशांतजी का मैसेज मेरे सामने है. बस आपकी फीस..."

"सामने हाय?" काकू मोबाईलवर वाकल्या. "क्या लिखा हाय बेटा?"

"बहुत याद करते थे आपको, माताजी."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, संपलं. दूर वळणावर गाडीची शिटी ऐकू आली. मग काकू सरळ बसल्या आणि ज्या गोष्टीला आयुष्यभर हसल्या ती त्यांनी विचारली.

"नंबर?"

"कौनसा नंबर, माताजी? ओटीपी अभी आएगा."

"ओटीपी नही. उसका नंबर. वो बोलके गया रहेगा."

"माताजी, वो सब पेमेंट के बाद..."

काकू थांबल्या. त्याला पुरेसा वेळ दिला. गोळा शोधायला ज्वारीत शिरलेल्या पोराला द्यावा तेवढा. तिकडचा माणूस काहीबाही बोलतच होता. काकूंनी फोन बंद केला आणि मांडीवर उपडा ठेवला.

मग मास्तर खर्जातल्या त्या रेल्वेच्या आवाजात, समोर रुळांकडे बघत म्हणाले, "सात-तीन."

"सात-तीन," काकू म्हणाल्या. "बरोबर."

पॅसेंजर आली. मी उठले, काकू उठल्या नाहीत. पिशवी त्यांच्या पायाशी तशीच होती. मी खिडकीपाशी जागा धरली आणि गाडी हलली. पुढच्याच आठवड्यात माझी बदली झाली आणि तो बाक सुटला, त्यामुळे ते दोघे मला आठवतात ते त्या खिडकीतून दिसलेले. काकूंनी मांडीवरचा मोबाईल सुलटा केला होता, आणि त्यांचा चेहरा त्याच्या उजेडात दिसत होता. आजवर तोंड फिरवायच्या, त्या आता बोटाने काहीतरी दाखवून विचारत होत्या. मास्तर त्यांच्या खांद्याशी वाकून सांगत होते. माझा डबा त्यांच्यासमोरून गेला, मागचे गेले, शेवटचाही गेला. मास्तर उठले नाहीत.